हार्वेस्टरवाल्यांची पंजाबी, बारपेट्याची असमिया

वाचकांचे प्रश्न : बोलीभाषा विशेष

या वेळी पंजाबी आणि असमिया या दोन भाषांच्या बोलींवर प्रश्न मागवले होते. विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. दोन्ही भाषांतले शब्द देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. लिहिणं आणि बोलणं वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : सोयाबीन काढायले दरवर्षी पंजाबचे हार्वेस्टर येतात. यंदाच्या गाडीवर ड्रायव्हर एका जिल्ह्याचा अन् मदतनीस दुसऱ्या. ‘आहे’ म्हणायचं असलं की एक ‘ऐ’ म्हणते, दुसरा ‘आ’ म्हणते. ड्रायव्हर मले म्हणे, ‘थोडा खेत’. माह्यं तं बारा एकर हाय, थोडं कसं? अन् पोरगा मोबाइलवर शिकलेली पंजाबी बोलला तं दोघंही हासले. भाषा एक का दोन? (शेतकरी, मानोरा तालुका, वाशीम)

उत्तर : भाषा एकच, बोली दोन. भारतातल्या पंजाबात बोलींच्या शिवा बऱ्याच अंशी नद्यांनी आखल्या आहेत. सतलजच्या दक्षिणेचा मोठा पट्टा, म्हणजे लुधियाना, मोगा, बठिंडा, संगरूर, तो माळवा. तिथली बोली मलवई. (मध्य प्रदेशातल्या माळव्याशी तिचा संबंध नाही.) बियास आणि सतलज यांच्या मधला जालंधर, होशियारपूर, कपूरथळा हा दोआबा, बोली दोआबी. बियासच्या पलीकडे अमृतसर, तरनतारन, गुरदासपूर आणि सीमेपार लाहोर हा ‘माझा’ नावाचा प्रांत. तिथल्या बोलीचं नाव ‘माझी’, पण मराठीत ‘माझी बोली’ लिहिलं की वाचणारा भलताच अर्थ घेतो, म्हणून इथे तिला ‘माझ्ही’ लिहितो. चौथी पुआधी, तिच्याबद्दल पुढे.

‘आहे’ हा एक शब्द ऐकला तरी माणूस कुठला याचा अंदाज येतो. ‘ए’ म्हणाला तर माझ्ही, ‘ऐ’ म्हणाला तर मलवई, ‘आ’ म्हणाला तर बहुधा दोआबी. पुस्तकी रूप ‘है’. तुमचा ड्रायव्हर मलवई आहे, कारण ‘थोडा’ म्हणजे मलवईत ‘तुमचा’. पुस्तकी पंजाबीत ते ‘तुहाडा’. ‘थोडा खेत’ म्हणजे तुमचं शेत. तुमच्या बारा एकराला त्यानं कमी लेखलेलं नाही. पंजाबीत ‘थोडंसं’ यासाठीही जवळपास असाच शब्द आहे, पण त्यातला ‘ड’ जीभ झटकून काढतात. मराठीत आपण मधला ‘ड’ एरवीही झटकूनच बोलतो, त्यामुळे आपल्या कानाला दोन्ही एकच वाटतात. तसंच ‘थोनूं’ म्हणजे तुम्हाला. ‘थोडे किन्ने किल्ले?’ असं विचारलं तर ‘तुमचे एकर किती?’ असा अर्थ घ्या. पंजाबात किल्ला म्हणजे एक एकर. त्याचे आठ कनाल, आणि एका कनालाचे वीस मरले. भाव ठरवताना एवढं पक्कं असलं तरी बरंचसं काम भागतं.

आता हसण्याचं कारण. मुलानं ‘घर’ हा शब्द आपल्यासारखाच, घ मध्ये हवा सोडून म्हटला असणार. पंजाबीच्या गुरुमुखी लिपीत ‘घर’च लिहितात, पण बोलताना घ उरत नाही. शब्दाच्या सुरुवातीला घ, झ, ढ, ध, भ आले की त्यांचे अनुक्रमे क, च, ट, त, प होतात, आणि गेलेल्या हकाराच्या (ह च्या फुंकरीच्या) जागी सूर खाली उतरतो. घर होतं ‘कर’, भाई होतो ‘पाई’, मुलगी या अर्थाची ‘धी’ होते ‘ती’, सगळे खालच्या सुरात. हेच वर्ण शब्दाच्या मधे किंवा शेवटी आले तर ते ग, ज, ड, द, ब होतात आणि आधीच्या स्वराचा सूर वर चढतो : दुध्ध लिहिलं तरी ऐकू येतं ‘दुद्द’, चढत्या सुरात. सूर चुकला की अर्थच बदलतो. ‘कोडा’ सपाट सुरात म्हटलं तर चाबूक, खाली उतरवून म्हटलं तर घोडा, वर चढवून म्हटलं तर कुष्ठरोग झालेला. मुलाला सांगा, आधी साधा ‘क’ म्हण, मग आवाज छातीत उतरव. बहुतेक जण घ धरून ठेवतात आणि वर सूरही उतरवतात. अशानं ना पंजाबी होते ना हिंदी.

प्रश्न : मुलगा बारपेट्याला बँकेत लागला. जाण्याआधी मोबाइलवरून असमिया शिकून गेला होता. तो ‘आजि’, ‘राति’ म्हणतो, गिऱ्हाइकं ‘आइज’, ‘राइत’ म्हणतात. आकड्यांतही घोटाळा होतो. चुकीचं शिकला का? (गृहिणी, चिखली तालुका, बुलडाणा)

उत्तर : चुकीचं नाही शिकला, दूरचं शिकला. शिकवण्यांत येते ती प्रमाण असमिया, आणि तिचा पाया वरच्या आसामातल्या, म्हणजे शिवसागर भागातल्या बोलीचा. आहोम राज्याची सत्ता तिथे होती. इंग्रज आणि ब्रह्मदेश यांच्यातल्या 1826 च्या यांदाबू तहानंतर इंग्रज आले, आणि पुढे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी शिवसागरला छापखाना चालवून 1846 पासून ‘अरुणोदय’ हे मासिक काढलं. छापील भाषा त्या भागाची झाली. मधल्या काळात कोर्टकचेऱ्यांत बंगाली होती. असमिया परत आली ती 1873 मध्ये, आणि आली तीही याच वळणाची. गंमत म्हणजे जुन्या असमिया साहित्याचा बराच भाग पश्चिमेकडचा, आणि संत शंकरदेवांच्या सत्र (वैष्णव मठ) परंपरेचं मोठं केंद्र खुद्द बारपेटा. बारपेट्याच्या माणसाला आपली बोली कमअस्सल वाटत नाही ती त्यामुळेच.

बारपेटा, नलबारी आणि गुवाहाटीच्या आसपासची खेडी हा कामरूपी बोलीचा पट्टा. प्रमाण असमियात आघात सहसा शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अवयवावर (उच्चारातल्या तुकड्यावर) पडतो, कामरूपीत पहिल्यावर. पहिल्यावर जोर दिला की मधला स्वर चेपला जातो किंवा गळतो. कोहळ्याला पूर्वेकडे ‘कोमोरा’, इकडे ‘कुमरा’. दुसरं, शेवटची ‘इ’ उडी मारून व्यंजनाच्या आधी येते : आजि–आइज, राति–राइत, चार या अर्थाचा ‘सारि’–‘साइर’. मुलाला हा एकच नियम लक्षात ठेवायला सांगा : ‘इ’नं संपणारा शब्द ऐकू आला नाही, तर तो ‘इ’ आधी घालून ऐकायचा. तिसरं अनेकवचन. शिकला असेल ‘बोर’ आणि ‘बिलाक’, ऐकेल ‘गिला’.

आकड्यांचा घोटाळा बोलीचा नाही, तो असमियाचा स्वभावच आहे. च आणि छ लिहिलेलं ‘स’सारखं उच्चारतात, आणि श, ष, स लिहिलेलं बऱ्याच जागी घशातून, फारसीतल्या ख़ सारखं. म्हणून चार होतो ‘सारि’ आणि सात होतो ‘ख़ात’. मराठी कान ‘स’ ऐकला की सात समजतो आणि चारच्या जागी सात मोजतो. रोकड हाताळणाऱ्यानं पहिल्या आठवड्यात आकडा तोंडी न धरता कागदावर लिहून समोर करावा. शिवाय असमियात ट आणि त यांत फरक राहिलेला नाही, दोन्ही जिभेचं टोक दातांच्या मुळाशी टेकवून म्हणतात. ण आणि ळ हे उच्चारही नाहीत. घ, ध, भ मात्र शाबूत आहेत. पंजाबीत गेलेला हकार इथे ठणठणीत आहे.

आणखी एक गोष्ट शिकवण्या सांगत नाहीत, निदान सुरुवातीला. नात्याच्या शब्दाला कोणाचं नातं ते चिकटतं. माझे वडील ‘मोर देउता’, तुझे ‘तोर देउतार’, तुमचे (बरोबरीच्या माणसाचे) ‘तोमार देउतारा’, त्याचे ‘तार देउताक’. ‘तार देउता’ म्हटलं तर लोक समजून घेतात, पण परका आहे हे लगेच कळतं.

प्रश्न : भाषाविज्ञानाच्या प्रकल्पासाठी पंजाबी आणि असमिया बोलींची तुलना हा विषय घेतला आहे. मार्गदर्शक म्हणतात, तक्ता करून आण. तक्त्यात काय भरू? बोलणारी माणसं इथे कुठून आणू? (विद्यार्थिनी, साकोली तालुका, भंडारा)

उत्तर : तक्त्याच्या एका बाजूला चार पंजाबी बोली, दुसऱ्या बाजूला चार असमिया बोली, आणि मधे ‘साम्य-भेद’ असा रकाना, हे करू नका. दोआबीसमोर कामरूपी मांडून काही हाती लागत नाही. आधी पंजाबीच्या बोली आपसात कशात फरक करतात ते पाहा, मग असमियाच्या कशात, आणि शेवटी त्या फरकांच्या जातीची तुलना करा. दोन वेगळे तक्ते, आणि तिसरा त्यांच्यावर. मार्गदर्शकांना हे पटवावं लागेल, पण पटवा.

माणसं जवळच आहेत. पंजाबी बोलणारे हंगामात हार्वेस्टरवर आणि एरवी महामार्गावरच्या ढाब्यांवर आणि गॅरेजांत. असमिया बोलणारे गडचिरोलीकडच्या निमलष्करी दलांच्या जवानांत भेटू शकतात, पण तिथे आधी अधिकाऱ्याची परवानगी घ्या आणि तळावर ध्वनिमुद्रण करू नका. सुटीत गावी गेलेल्या माणसाशी फोनवर बोलणं जास्त सोयीचं. फोनवरून शब्द आणि प्रत्यय टिपता येतात, सुराच्या मोजणीसाठी मात्र तो आवाज वापरू नका. प्रत्येक बोलीची निदान दोन माणसं हवीत. पंधराव्या वर्षापर्यंत कुठल्या गावी होता, आईचं गाव कोणतं, शाळा कोणत्या माध्यमाची, हे तीन प्रश्न आधी विचारा. जिल्ह्याचं नाव पुरत नाही.

वाक्यं मोजकी ठेवा, पण प्रत्येक वाक्य कशासाठी आहे ते ठरवून. ‘माझं घर इथे आहे’ : पंजाबीत घरचा सूर आणि ‘आहे’ दोन्ही मिळतात. ‘दूध उकळलं’ : शेवटचा ध. ‘भाऊ रात्री आला’ : पंजाबीत भ, असमियात राति की राइत. ‘तुम्हाला काय पाहिजे?’ : तुहानूं की थोनूं. ‘मी उद्या करीन’ : माझ्हीत ‘करांगा’, मलवईत ‘करूंगा’, आणि रावळपिंडीकडच्या पोठोहारीत चक्क ‘करसां’, म्हणजे ग च्या जागी स. ‘ती पोरं कुठे गेली?’ : असमियात बोर, बिलाक की गिला. ‘आत’ या अर्थाचा ‘विच्च’ कुठेतरी आणाच. दोआबी आणि पुआधीत तो ‘बिच्च’ होतो.

विचारण्याची पद्धत महत्त्वाची. हिंदीत वाक्य सांगून ‘हे पंजाबीत कसं म्हणाल?’ विचारलं की माणूस हिंदीच्या साच्यात शाळेतली पंजाबी ओततो. मलवई माणूससुद्धा मग ‘तुहानूं’ म्हणतो. वस्तू दाखवा, चित्र दाखवा, प्रसंग सांगा : ‘गिऱ्हाईक आलं, त्याला काय विचाराल?’ प्रत्येक शब्द तीनदा म्हणवून घ्या आणि मधला उच्चार धरा. पहिला सावध असतो, तिसरा कंटाळलेला. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला, म्हणजे प आणि भ ची फुंकर थेट लागत नाही. पंखा बंद. इंजिन चालू असताना घेतलेलं ध्वनिमुद्रण फेकून द्या.

सूर कानानं ठरवू नका. ‘प्रात’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघा अभ्यासकांनी केलेलं. त्यात आवाजाची पट्टी आधी नेमून द्यावी लागते : पुरुषांसाठी साधारण 75 ते 300 हर्ट्झ, बायकांसाठी 100 ते 500. ती चुकली तर रेषा मधेच दुपटीनं वर उडते किंवा निम्म्यावर पडते, आणि नवखा माणूस त्यालाच चढता सूर समजतो. शब्द सुटा न घेता एकाच चौकटीत घ्या, ‘मी ... म्हटलं’ अशा, नाहीतर वाक्याच्या शेवटी आपोआप उतरणारा आवाज शब्दाच्या माथी मारला जातो. असमियासाठी सुराची रेषा लागत नाही. तिथे ऐकू आलेले स्वर मोजा आणि कितवा लांब आहे ते लिहा. कोमोरात तीन, कुमरात दोन.

तिसऱ्या तक्त्यात मग काय येईल? पंजाबीत सगळ्यात मोठी भेगच हकार आणि सूर यांची आहे. पश्चिमेला मुलतानकडे सराईकीत घ, ध, भ टिकून आहेत, तसे सूर नाहीत, उलट श्वास आत ओढून काढायचे ब, ड, ज, ग आहेत. असमियात मोठी भेग आघाताची. क्रियापदाचे शेपूट आणि सर्वनामं मात्र दोन्हीकडे गावोगाव बदलतात. कडेच्या बोलींचंही साम्य आहे. पुआधी ही रूपनगर, मोहाली, अंबाल्याकडची. ‘थारा’, ‘म्हारा’, ‘सोबत’साठी ‘गैल’ असं बोलत ती हरियाणवीत मिसळते. 1 नोव्हेंबर 1966 ला पंजाबची फेररचना झाली तेव्हा तिचा मुलूख पंजाब, हरियाणा आणि चंडीगड असा वाटला गेला. तिकडे आसामच्या पश्चिम टोकाला, धुबरीकडे, गोआलपारीया बोली आहे. ‘मी’ला प्रमाण असमियात ‘मइ’, तिथे ‘मुइ’, आणि ती राजबंशीत आणि उत्तर बंगालच्या बोलींत विरघळते. तोही भाग इंग्रजी अमलात बंगाल आणि आसाम यांच्यात इकडून तिकडे होत राहिला. मध्य असमिया, नगावची, ही दोन्ही टोकांच्या मधली. वेळ कमी असेल तर तिला एक ओळ पुरे.

एक सापळा राहिला. प्रमाण भाषेचा पाया म्हणून माझ्ही आणि शिवसागरी यांची जोडी लावावीशी वाटेल. पण माझ्हीच्या दोन्ही अंगांना पंजाबी बोली आहेत आणि तिच्या मधून 1947 ची सीमा गेली. शिवसागर भाषेच्या पूर्व टोकाकडे आहे. त्यामुळे माझ्हीपासून अंतर चहूकडे मोजता येतं, शिवसागरपासून मुख्यतः पश्चिमेकडेच.

प्रश्न : बोली जास्त कोणाच्या, पंजाबीच्या की असमियाच्या? (निवृत्त शिक्षक, आर्णी तालुका, यवतमाळ)

उत्तर : मोजणारा कोण, त्यावर. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सननं इंग्रजी अमलातल्या आपल्या भाषिक सर्वेक्षणात पश्चिम पंजाबातल्या बोली ‘लहंदा’ नावानं पंजाबीपासून तोडल्या आणि वेगळ्या खंडात घातल्या. ते मान्य केलं तर पोठोहारी, मुलतानी पंजाबीतून जातात. पाकिस्तानच्या 2017 च्या जनगणनेत सराईकी पंजाबीपेक्षा वेगळी मोजली आहे. आपल्याकडे डोगरीला 2003 च्या घटनादुरुस्तीनं आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. त्याआधी तिला पंजाबीची बोली म्हणणारे पुष्कळ होते. गोआलपारीयाचंही तसंच, असमियावाले आपली म्हणतात, राजबंशीवाले आपली. बोलणारे मात्र मोजता येतात : 2011 च्या जनगणनेत भारतात पंजाबी सुमारे 3.31 कोटी, असमिया 1.53 कोटी. आपली मराठी 8.30 कोटी.

प्रश्न : आमच्या वऱ्हाडीले यातली जवळची कोणती? असमियात ‘घरले’सारखं काहीतरी म्हणतात असं वाचलं. (वाचक, दर्यापूर तालुका, अमरावती)

उत्तर : असमियात ‘घरलै’ आहे, घराकडे या अर्थानं. ‘मी घरले चाललो’ याच्याशी ते हुबेहूब जुळतं. पण त्यावरून नातं जोडायची घाई नको. वऱ्हाडीचा ‘ले’ दोन्ही कामं करतो, ‘घरले जा’ आणि ‘मले दे’. असमियाचा ‘लै’ दिशा दाखवतो. ‘मला’साठी तिथे ‘मोक’ आहे.

भूतकाळाचा ल मात्र भक्कम पुरावा आहे. आपण गेलो, आलो. असमियात ‘मइ आहिलों’ म्हणजे मी आलो, ‘ख़ि गॉल’ म्हणजे तो गेला. पंजाबीत हा ल नाही : गिआ, कीता, खाधा. हॉर्नले आणि ग्रियर्सन या अभ्यासकांनी इतर खुणांबरोबर याही खुणेच्या आधारानं मराठी, बंगाली, असमिया यांना आर्य भाषांच्या ‘बाहेरच्या’ कड्यात आणि पंजाबीला ‘आतल्या’ गटात घातलं. सुनीतिकुमार चटर्जींनी 1926 मध्ये ही मांडणी खोडून काढली. ल दोन्हीकडे आहे हे खरं, पण त्यावर अख्खं कडं उभं राहत नाही, हे चटर्जींचं म्हणणं आम्हाला जास्त पटतं.

कारण वाक्य जोडायची रीत पाहिली की चित्र उलटतं. ‘त्यानं भाकर खाल्ली’ यात क्रियापद भाकरीच्या लिंगानं चालतं. पंजाबीतही ‘ओहने रोटी खाधी’, तसंच. असमियात क्रियापदाला लिंगच नाही. तो आला, ती आली, दोन्हीकडे ‘आहिल’. म्हणजे प्रत्यय असमियासारखा, चाल पंजाबीसारखी.

ळ चंही पंजाबीशी जमतं. पंजाबीत ळ आहे, काळा म्हणजे ‘काळा’च, आणि गुरुमुखीत ल खाली टिंब देऊन तो दाखवतात, बरेच जण ते टिंब गाळतात. तो सगळीकडे सारखा टिकलेला नाही, अनेकांच्या तोंडी साधा ल झाला. वऱ्हाडीत त्याचा य झाला : डोया, केयी, जवय. एकाच वर्णाची दोन ठिकाणी दोन वेगळ्या रीतीनं झीज झाली. असमियात तर तो प्रश्नच उद्भवत नाही.

प्रश्न : शाळेच्या भाषा दिनासाठी असमिया वाक्यांचा फलक छापला. फोनवरच्या बंगाली कीबोर्डानं टाइप केलं. पाहुण्यांनी सांगितलं, हे बंगाली वाटतं. लिपी तर एकच आहे ना? (डीटीपी चालक, आर्वी तालुका, वर्धा)

उत्तर : दोन अक्षरं वेगळी आहेत आणि तीच सारखी येतात. असमियाचा ‘र’ म्हणजे पोट तिरकं छेदणारी रेघ असलेला ব (म्हणजे ब). बंगालीत त्याच ব खाली टिंब देतात. दुसरं ‘व’ साठीचं अक्षर, ते आजच्या बंगालीत वापरत नाहीत. युनिकोडमध्ये दोन्ही बंगाली विभागातच आहेत, पण शेवटी, 09एफ0 आणि 09एफ1 या जागांवर. फोनमध्ये भाषा ‘असमिया’ निवडली की ती मिळतात. तयार मजकूर दुरुस्त करायचा असेल तर ‘शोधा आणि बदला’ वापरून टिंबवाला र एका फटक्यात बदला. व मात्र आपोआप बदलू नका. बंगाली कीबोर्डावर त्याच्या जागी काही ठिकाणी ‘ओय’सारखी जोडणी टाइप झालेली असते, ती शब्द पाहूनच सुधारावी लागते. छापण्याआधी फॉन्टात ही दोन अक्षरं आहेत का ते मोठ्या आकारात पाहून घ्या. नसतील तर चौकोन उमटतो, आणि पीडीएफमध्ये तो कधीकधी छपाई झाल्यावरच दिसतो.